ओटीतल्या चुका

हल्ली शिक्षकांच्या सभांतून एक वाक्य फार ऐकू येतं. परकी भाषा शिकवायची तर आधी मुलाचं मन सांभाळा, त्याची भीती घालवा, मग जीभ आपोआप सुटते. व्यासपीठावरून हे सांगितलं जातं तेव्हा समोरचे सगळे माना डोलावतात. मी डोलावत नाही. वाक्य खोटं आहे म्हणून नव्हे; ते किती खरं आहे हे माझ्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. माझी भीती घालवणाऱ्या बाई मला लाभल्या होत्या आणि माझी जीभ त्यांनीच सोडवली होती. पण भीती गेलेलं मूल आपल्या हाती येतं, त्याचं पुढे काय करायचं हे कुणी बोलत नाही, आणि माझा राग तिथे आहे. इतकी वर्षं झाली, तो गेलेला नाही. आता या वयात तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही विणकर. घर साखर पेठेत, बोली तेलुगू. आजोबा निजामाच्या मुलखातून पोटापाण्यासाठी सोलापुरात आले आणि इथलेच झाले. आमच्या गल्लीत मराठी ऐकू यायचं ते फक्त भाजीवालीच्या तोंडून. पुढच्या खोलीत वडिलांचा खड्डा माग, मागच्या खोलीत आई रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. मी तिच्या शेजारी बसून तेच करायची. वडिलांना बाजारापुरतं मराठी यायचं. व्यापाऱ्याच्या पेढीवर लुगडी घेऊन उभे राहिले की त्यांचं निम्मं बोलणं हात जोडण्यातच जायचं, आणि ते त्यांना फार लागायचं. घरात मुलगा नव्हता, थोरली मी. घरात एक तरी तोंड मराठी हवं, असं म्हणून त्यांनी मला मुलींच्या मराठी शाळेत घातलं.

नातेवाइकांनी नावं ठेवायची ती ठेवली. मुलीच्या जातीला शाळा कशाला, आणि तीही परक्या भाषेची. त्यांची तोंडं बंद करायला वडिलांनी एक अट घातली. चौथीच्या परीक्षेला बाहेरून साहेब यायचा आणि एकेका मुलीला उभं करून बोलायला लावायचा. त्याच्यासमोर बोलून पास झाले तर पुढची शाळा, नाहीतर रहाट, आणि त्यानंतर लवकरच लग्न. हे सगळं माझ्यादेखत ठरलं. मला तेव्हापासून ठाऊक होतं की माझं जे काही व्हायचं ते माझ्या जिभेवर आहे.

आणि ती जीभ पहिल्याच आठवड्यात अडकली. वर्गात विचारलं गेलं, सकाळी काय खाऊन आलात. मला त्या दिवशी कधी नव्हे ते दूध मिळालं होतं, म्हणून मी मोठ्या ऐटीत उठून सांगितलं, "मी पाल प्याले." तेलुगूत पालु म्हणजे दूध. मराठीत पाल म्हणजे काय, हे मला शेजारच्या मुलीने हात भिंतीवर सरपटवून दाखवलं. "ही पाल पिऊन आलीया की!" असं ती ओरडली आणि वर्ग डोक्यावर घेतला. त्यानंतर दोन यत्ता माझं नाव पाल होतं आणि मी मिठाची गुळणी धरून बसले होते. वाचायला येत होतं, लिहायला येत होतं, बोलायची पाळी आली की दातखीळ बसायची.

तिसरीला नव्या बाई आल्या. पुण्याकडच्या, तरुण, यजमान इथल्या एका गिरणीत कारकून. मूलबाळ नव्हतं. त्यांचं मराठी ऐकताना धुतलेले तांदूळ ओंजळीतून सोडल्यासारखं वाटायचं. पाटीवर माझ्या हातून एकही चूक होत नाही आणि तोंडातून एकही शब्द येत नाही, हे त्यांच्या चार दिवसांत लक्षात आलं. त्यांनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायला सुरुवात केली.

माझी खरी अडचण कुठे आहे ती त्यांनीच शोधली. आमच्या भाषेत बाईमाणसाला आणि वस्तूला क्रियापद एकच. आई येवो की बैलगाडी येवो, दोन्हीकडे वच्चिंदि. त्यामुळे मी मराठीत बोलले की जगातल्या सगळ्या बायका नपुंसकलिंगी व्हायच्या. आई आलं. अक्का जेवलं. "बाई, तुम्ही कधी आलं?" असंही मी विचारलं होतं. दुसरं कुणी असतं तर कान पिळला असता. बाईंनी मला आमच्या भाषेत कसं म्हणतात ते विचारलं, दोन-तीनदा स्वतः म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, तू चुकत नाहीस पोरी, घरचं व्याकरण इथे लावतेस. त्या एका वाक्यावर मी त्यांच्यासाठी विहिरीत उडी घेतली असती. दार का ते आणि खिडकी का ती, असं मी विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, मलाही ठाऊक नाही, कुणी ठरवलं कोण जाणे. शिकवणाऱ्याला एखादी गोष्ट ठाऊक नसते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग त्यांनी तो खेळ काढला. मला समोर बसवायच्या, लुगड्याचा पदर मांडीवर पसरायच्या आणि म्हणायच्या, "तोंडाला येईल ते बोल. चूक झाली तर माझ्या ओटीत टाक. ओटीतलं बाहेर जात नाही." मी बोलायची. चुकले की त्या पदराकडे बोट करायच्या. मी मूठभर काहीतरी टाकल्यासारखं करायची, आणि त्या बरोबर शब्द माझ्या कानात हळूच सांगायच्या. मोठ्याने कधीच नाही. संध्याकाळी त्या पदर झटकायच्या, पण आधी तो नीट दुमडून घ्यायच्या, आतलं सांडू नये म्हणून. मला ते सगळं खरं वाटायचं. माझ्या चुका कुणीतरी जपून घरी नेतं आहे, असं वाटायचं.

वर्षभरात मी अशी बोलायला लागले की आई म्हणायला लागली, ही झोपेत मराठी बडबडते. मी बाईंना घरातलं सगळं सांगायची. वडील व्यापाऱ्याला काय म्हणाले, आईला कुठल्या वासाने मळमळतं, माझ्या धाकट्या बहिणीने खळीच्या भांड्यात कसा हात घातला. चुका पुष्कळ व्हायच्या. ओटी भरायची. मला भीती म्हणून उरली नव्हती.

चौथीत होते तेव्हा आईला मुलगा झाला. बारशाच्या आधीच गेला. वडिलांनी माग थांबवला होता. मावशी आली होती, तिने मला घरात लुडबूड नको म्हणून शाळेत पाठवून दिलं. वर्गात मी गप्प बसले. सुट्टी झाल्यावर बाईंनी जवळ बोलावून विचारलं, काय झालं. त्या क्षणी दोन वर्षांत शिकलेलं सगळं मराठी कुठल्या कुठे गेलं. लिंग गेलं, वचन गेलं, दूध हा शब्दसुद्धा गेला. माझ्या तोंडून एवढंच आलं: "आई रडलं. आईला पाल येतंय. बाळ नाही."

बाईंनी पदराकडे बोट केलं नाही. मला ओढून घेतलं आणि त्याच पदरात माझं तोंड झाकलं. त्याही रडल्या. मला त्यांचे हुंदके लागत होते. त्यांनी मला त्या दिवशी काहीही सुधारून सांगितलं नाही, आणि मला वाटलं, ही भाषा आता माझी झाली, कारण हिच्यात मी रडले आणि कुणीतरी ते समजून घेतलं.

चैत्र लागला. परीक्षा जवळ आली होती. शाळेच्या कमिटीवर एक वकील होते, त्यांच्या घरी गौरीचं हळदीकुंकू होतं. बाई मला म्हणाल्या, तुला घेऊन जाते, तिथे कविता म्हण, मोठ्या माणसांपुढे बोलायची सवय होईल, मग साहेबाची भीती वाटणार नाही. आईने केस चापूनचोपून बांधले. वडिलांनी विणलेल्या लुगड्याच्या उरलेल्या तुकड्याचा परकर होता, तो नेसवला. घरात सुतक फिटून महिनाही झाला नव्हता, पण बाई नेतात म्हटल्यावर आईने कशालाच आडकाठी केली नाही. तिला वाटत होतं, पोरीला मराठी घर मिळालं.

वकिलांच्या माडीवर गौर झोपाळ्यात बसवली होती. पुढे कलिंगडं कापून ठेवलेली, वाटली डाळ, पन्हं. बायका खणखणीत हसत बोलत बसल्या होत्या. मी कविता म्हटली. एकही चूक झाली नाही. बायकांनी छान छान म्हटलं आणि आपापल्या बोलण्याकडे वळल्या. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, जमलं. तेवढ्यात यजमानीणबाई पन्ह्याचा पेला पुढे करत माझ्या बाईंना म्हणाल्या, "ती पालीची सांगा ना. नणंदबाईंनी ऐकलेली नाही."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. ती पालीची. म्हणजे ती या घरात आधी सांगून झाली होती. मी बाईंकडे बघितलं. वाटलं, त्या नाही म्हणतील. बाई लाजल्यासारख्या हसल्या आणि सांगायला लागल्या. नुसत्या सांगत नव्हत्या, माझा आवाज काढत होत्या. मी बोलताना अडखळते तिथे अडखळत होत्या. परकराची कड बोटाला गुंडाळायची माझी सवय मला स्वतःला माहीत नव्हती, ती मी तिथे पहिल्यांदा बघितली, त्यांच्या हातात. आई आलं. अक्का जेवलं. बाई, तुम्ही कधी आलं. ओटीत टाकलेली एकेक चूक त्यांनी बाहेर काढली, क्रमाने, घासूनपुसून. बायका पोट धरून हसत होत्या. कुणी तरी म्हणत होतं, अजून एक, अजून एक.

"आणि आता मध्यंतरी तर," बाई म्हणाल्या, "यांच्या घरी वाईट झालं हो, बाळ गेलं. तर पोर माझ्यापुढे उभी राहून सांगते कशी, आईला पाल येतंय."

हसू फुटलं ते पाल या शब्दावरच. पुढचं 'बाळ नाही' त्यांनी म्हटलं, पण ते कुणाच्या कानात शिरायला जागाच नव्हती. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, अगंबाई, बिचारी, आणि पुन्हा हसली. बाईंनी मग समजावून सांगितलं की त्यांच्यात पाल म्हणजे दूध, आणि बायका पुन्हा एकदा, आता समजून, हसल्या. माझी आई त्या वेळी साखर पेठेत अंगाला कापड घट्ट बांधून रहाट फिरवत होती. तिचं दूध त्या माडीवर डाळीपन्ह्याबरोबर वाटलं गेलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. बाईंनी माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माया होती. सोंग नव्हतं ते. त्या शाळेत रडल्या तेही खरं होतं आणि इथे हसवत होत्या तेही खरं होतं. त्या दुष्ट असत्या तर मी त्यांना केव्हाच विसरून गेले असते. परतताना त्या माझा हात धरून चालल्या होत्या आणि सांगत होत्या की तू सगळ्यांना किती आवडलीस. माझ्या दुसऱ्या हातात भिजवलेल्या हरभऱ्यांची पुरचुंडी होती. ती मी कोपऱ्यावरच्या शेळीला घातली.

परीक्षेच्या दिवशी साहेब खुर्चीवर बसले होते आणि बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. माझी पाळी आली. साहेब चांगला माणूस दिसला. त्यांनी अगदी सोपा प्रश्न विचारला, घरी कोण कोण असतं. मला उत्तर येत होतं. वडील असतात, आई असते, बहीण असते. शब्द ओठांपर्यंत तयार होते. तेवढ्यात माझी नजर बाईंवर गेली. त्या मला धीर द्यायला हसत होत्या. माझ्या मनात आलं, मी चुकले तर ही गोष्ट आज संध्याकाळी कुठल्या घरात जाईल? आणि नाही चुकले, तरी घरात कोण कोण आहे हे या बाईंच्या कानावर पुन्हा का घालू? मी तोंड मिटलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. मग नाव विचारलं. मी नावही सांगितलं नाही. मला नापास केलं.

घरी वडिलांनी माझा रहाट आईच्या रहाटाशेजारी आणून ठेवला. मी कांड्या भरायला बसले. रागाने माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि सूत सारखं तुटत होतं.

दोन-चार दिवसांनी भर दुपारी बाई आमच्या घरी आल्या. वडील पेढीवर गेले होते. आईला मराठीचा एक शब्द येत नव्हता, त्यामुळे दोघींच्या मध्ये मला बसावं लागलं. बाई माझ्याकडून काही तेलुगू शब्द शिकल्या होत्या. त्यांनी आईकडे बघून हात जोडले आणि "नुव्वु बागुन्नावा?" असं विचारलं. तू बरी आहेस का. मोठ्या माणसाला आमच्यात मीरु म्हणतात. नुव्वु लहान मुलाला म्हणतात, आणि मी लहान, म्हणून माझ्याकडून त्यांना तेवढंच मिळालं होतं. चूक झाली हे आईच्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं, मला विचारून घेतलं आणि स्वतःच खळखळून हसल्या. इतकं मोकळं हसू. मी बघतच राहिले. चुकल्याने त्यांचं काही जाणार नव्हतं. त्या चुकल्या तरी उद्या सकाळी बाईच राहणार होत्या.

मग त्या गंभीर झाल्या आणि मला म्हणाल्या, सांग आईला. मुलगी फार हुशार आहे. आणखी एक वर्ष चौथीत बसवा, मी जबाबदारी घेते. मी ते आईला सांगितलं. माझी स्तुती मला माझ्याच तोंडाने करावी लागली. आई ऐकत होती, रहाट थांबवून.

"आणि तिला विचारायला सांग," बाई म्हणाल्या, "की पोरीला कुणी काही बोललं का. एकाएकी तोंड का मिटलं, मला काही कळत नाही गं. मी विचारून विचारून थकले. आईला तरी सांगशील."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी तो प्रश्न तेलुगूत केला, शब्दाला शब्द लावून. आईने माझी हनुवटी वर केली आणि विचारलं, कोण काय बोललं तुला? आईला सगळं सांगायला आमच्या भाषेत मला कुठेच अडलं नसतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? की तुझ्या छातीत दूध साठून तू कळवळत होतीस ते मी या बाईंना सांगितलं, आणि ते ऐकून वकिलांच्या माडीवर बायका हसल्या. बाई समोर पाटावर बसल्या होत्या, आमच्या घरचं पाणी पीत. मी आईला म्हटलं, कुणी नाही. आणि बाईंना म्हटलं, "कुणी नाही."

मास्तरीणबाई आपल्या उंबऱ्याच्या आत येऊन गेली हे ऐकून वडील विरघळले. रहाट पुन्हा कोपऱ्यात गेला आणि मी पुन्हा चौथीत बसले. त्या वर्षी मी मराठी शिकले ते दगड फोडल्यासारखं. प्रत्येक नाम त्याच्या लिंगासकट पाठ केलं. वाक्य आधी मनात जुळवायचं, उलटसुलट तपासायचं आणि मगच तोंडाबाहेर काढायचं. शाळा सुटल्यावर बाई थांबायला सांगायच्या. मी घरी काम आहे म्हणायची. वर्गात विचारलं तेवढं बोलायची, पुस्तकातलं, स्वच्छ. लोक आजही माझ्या मराठीला स्वच्छ म्हणतात. पुढे या भाषेत मी पुस्तकं लिहिली, भाषणं केली. पण भांडायचं झालं, लहान मुलाला थोपटायचं झालं, मेलेल्या माणसासाठी रडायचं झालं, तर माझ्या तोंडून तेलुगूच येतं. मराठीत मला अजून मोठ्याने रागावता येत नाही. हे लिहिते आहे तेही तपासून तपासून लिहिते आहे.

पुढच्या चैत्रात साहेब आले, दुसरेच होते. त्यांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी दिली आणि पहिली आले. वडिलांनी गल्लीत बत्तासे वाटले. पाचवीची शाळा दुसऱ्या इमारतीत होती, म्हणून मी शेवटच्या दिवशी दाखला घ्यायला गेले. बाई वऱ्हांड्यात उभ्या होत्या. त्यांनी मला थांबवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"वर्षभर माझ्याशी मनातलं एक अक्षर बोलली नाहीस गं," त्या म्हणाल्या. "जाताना तरी काही बोल."

मनातलं पुष्कळ होतं. पण वाचनमालेच्या शेवटी गुरुजनांना लिहावयाच्या पत्राचा एक नमुना छापलेला होता, तो मला तोंडपाठ होता. मी हात जोडले आणि म्हटलं, "आपले माझ्यावर अनंत उपकार आहेत. आपल्या शिकवणुकीचा मला कदापि विसर पडणार नाही."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग वळून त्यांनी आतल्या दोघी शिक्षिकांना हाक मारली आणि म्हणाल्या, या या, ऐका जरा, आई आलं म्हणणारी माझी पोर, एक तरी चूक काढून दाखवा. त्या दोघी येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला थोडं पुढे केलं.

"पुन्हा म्हण बरं, बाळ."

मी तेच पुन्हा म्हटलं, अक्षर न् अक्षर, आणि त्यांचे डोळे भरून आले.